निजामाची सरहद्द आणि घरातला पडदा

जालन्याहून चिखली-खामगावच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर देऊळगाव राजा येते. वाटेत भाषा बदलत नाही. कापूस तोच, सोयाबीन तेच, बाजारातली माणसेही एकमेकांचे पाहुणे-सोयरे. सरकारच्या कागदावर एवढाच फरक की जालना जिल्हा संपतो आणि बुलढाणा सुरू होतो. चित्रपटाच्या धंद्यात मात्र या तीस किलोमीटरमध्ये मुलूख बदलतो. वितरकांच्या मुलखाला 'सर्किट' म्हणतात. जालना 'निजाम' सर्किटमध्ये आहे आणि देऊळगाव राजा 'सीपी-बेरार' म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडमध्ये. एकच मराठी चित्रपट या दोन गावांत दोन वेगळ्या वितरकांनी आणलेला असू शकतो. करार वेगळा, रक्कम वेगळी, तारीखही वेगळी.

ही रेषा सिनेमाने आखलेली नाही. १८५३च्या तहात हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा बुलढाण्याकडचा मुलूख त्याच्या कारभारातून गेला आणि जालना त्याच्याकडे राहिले. पुढे १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकर्त्यांनी नकाशा चार वेळा बदलला. चित्रपट वितरकांनी तो बदलला नाही. त्यांच्या वहीत तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकातले बिदर, गुलबर्गा, रायचूर हे आजही मिळून 'निजाम' आहे. उलट बेळगाव, धारवाड आणि गोवा 'बॉम्बे' सर्किटमध्ये मोडतात. विदर्भ आणि खानदेश 'सीपी-बेरार'मध्ये, आणि त्या बाजूच्या वितरक-प्रदर्शकांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन भुसावळची. म्हणजे मराठी प्रेक्षक एका भाषेचा असला तरी धंद्याने त्याचे तीन हिस्से केले आणि त्यातला जालन्याचा हिस्सा हैदराबादला बांधला.

जुने चित्रपट घरी पाहायला का मिळत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी या नकाशापासून सुरुवात करतो, त्याला कारण आहे. चित्रपटाचा हक्क ही एकसंध वस्तू आहे असे आपण धरून चालतो. निर्मात्याने चित्रपट काढला, तो त्याच्या मालकीचा, त्याने कॅसेट काढायची ठरवली की निघाली. प्रत्यक्षात चित्रपट पूर्ण होण्याआधीच त्याच्या हक्कांचे तुकडे पडलेले असतात. कॅसेट, सीडी, डीव्हीडी आणि आता मोबाइल यांच्या वाट्याला ते तुकडेच येतात.

तुकडे पडतात ते पैशासाठी. भारतात कित्येक दशके बँका चित्रपटाला कर्ज देत नव्हत्या. निर्माता थोडे स्वतःचे भांडवल घाली, थोडे सावकाराकडून हुंडीवर उचली आणि उरलेले वितरकांकडून आगाऊ घेई. चार रिळे झाली, एखादे गाणे चित्रित झाले की ते दाखवून सर्किट विकायला सुरुवात व्हायची. 'एमजी' म्हणजे मिनिमम गॅरंटीवर व्यवहार झाला तर वितरक ठरावीक रक्कम आधी देतो. चित्रपट पडला तर तोटा त्याचा. रक्कम आणि खर्च वसूल होऊन वर उरले तर निर्मात्यालाही वाटा. कमिशनवर दिला तर वितरक फक्त आपली टक्केवारी कापून घेतो आणि धोका निर्मात्याकडे राहतो. तिसरा प्रकार उक्त्या विक्रीचा. एकदाच रक्कम घ्यायची आणि त्या मुलखापुरते, त्या मुदतीपुरते मोकळे व्हायचे. हे करार ठरावीक वर्षांचे असत. त्यांत ३५ मिलिमीटरचे हक्क वेगळे आणि क्लब, छावण्या, संस्था यांच्यासाठीचे १६ मिलिमीटरचे हक्क वेगळे लिहिलेले असत. परदेशाचे हक्क तर वेगळेच. आणि या सगळ्यांच्या वर 'निगेटिव्ह राइट्स', म्हणजे मूळ मालकी. अडचणीतला निर्माता शेवटी तेही विकून टाकी.

मराठी चित्रपटाला या वाटणीचा जास्त त्रास झाला असे मला वाटते. हिंदी चित्रपटाच्या दृष्टीने 'निजाम' हा मोठा, एकसारखा बाजार. मराठी चित्रपटाला त्या मुलखातला फक्त मराठवाडा कामाचा. हैदराबादेत बसून तेलुगू आणि हिंदी चित्रपटांचा व्यवहार करणाऱ्याला जालना जिल्ह्यातल्या परतूर, अंबड, भोकरदनच्या प्रेक्षकाला काय हवे याची फिकीर का असावी? मुंबई-पुण्यात गाजलेला चित्रपट आपल्याकडे उशिरा येतो, ही मराठवाड्यातल्या माणसाची तक्रार जुनी आहे. तिच्यामागे नुसते अंतर नव्हते, ही वाटणीही होती.

मग १९८०च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही घराघरांत शिरू लागले आणि पाठोपाठ व्हीसीआर आला. तो विकत घेणे फार थोड्यांना परवडे. रात्रीपुरता भाड्याने आणायचा, सोबत टीव्ही आणि तीन कॅसेटी, आणि गल्लीने पहाटेपर्यंत जागायचे, ही पद्धत गावोगाव होती. जालन्याच्या प्रेक्षकाला या यंत्राने एक गोष्ट पहिल्यांदा दिली. कॅसेटला निजामाची सरहद्द नव्हती. व्हिडिओचे हक्क सर्किटवार नव्हे तर सबंध देशाचे एकत्र विकले जात. मुंबईत १९६२ साली पुस्तकांच्या फिरत्या वाचनालयापासून सुरू झालेली शेमारू १९७९ साली कॅसेट भाड्याने देऊ लागली आणि पुढे स्वतःच हक्क विकत घेऊ लागली. अशा कंपन्यांनी जुन्या चित्रपटांचे व्हिडिओ हक्क गोळा केले तेव्हा कित्येक निर्मात्यांना ती आकाशातून पडलेली रक्कम वाटली असणार. थिएटरमधून उतरलेल्या चित्रपटाला कुणी पुन्हा पैसे देईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

अडचण तिथेच सुरू झाली. १९५५ किंवा १९६५च्या करारात व्हिडिओचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता. समजा निर्मात्याने १९६०च्या सुमारास एका वितरकाला 'सर्व हक्क' लिहून दिले. त्यात कॅसेटचे हक्क आले की नाही? वितरक म्हणणार, सर्व म्हणजे सर्व. निर्मात्याचा मुलगा म्हणणार, जी वस्तू जगात नव्हती ती माझ्या वडिलांनी विकली कशी? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. अशा चित्रपटाला हात लावायला कंपन्या बिचकतात. उद्या नोटीस आली तर छापलेल्या कॅसेटी पडून राहतील. त्यापेक्षा तो चित्रपट यादीतून काढलेला बरा. कितीतरी चांगले चित्रपट बंदी न येता, कुणाचे वैर नसताना, याच धास्तीपोटी घरातल्या पडद्यापर्यंत पोहोचले नाहीत.

कायदा या प्रश्नामागे धावत राहिला. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कॅसेटवर मालकाचे नाव-पत्ता, परवानगी घेतल्याचे निवेदन आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणे बंधनकारक झाले. नकली कॅसेटींना आळा घालणे हा हेतू होता. पण त्यामुळे चित्रपटाचा मालक कोण हे पहिल्यांदा सामान्य ग्राहकाच्या हातात छापून आले, म्हणून मी या दुरुस्तीला महत्त्व देतो. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या आणि भांडण एक पायरी वर गेले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई उच्च न्यायालयापुढे 'व्हिडिओ मास्टर विरुद्ध निशी प्रॉडक्शन्स' हा दावा आला. व्हिडिओ आणि केबलचे हक्क घेणाऱ्याने उपग्रहावरून होणाऱ्या प्रक्षेपणाला हरकत घेतली होती. व्हिडिओ, केबल आणि उपग्रह हे वेगवेगळे हक्क आहेत आणि वेगवेगळ्या लोकांना विकता येतात, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

सर्वांत मोठा बदल २०१२चा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ला जोडलेल्या तरतुदीनुसार, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वातच नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क त्या करारातून आपोआप जात नाहीत. करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असला तरच जातात. निर्मात्याच्या मुलाचे म्हणणे कायद्याने मान्य केले, पण कितीतरी चित्रपटांसाठी ते उशिरा. तोवर व्हिडिओ कॅसेटचे युग संपले होते. शिवाय जुना करारच हाती नसेल तर त्यात काय लिहिले होते हे सांगणार कोण?

शेतजमिनीला सातबारा असतो. तलाठ्याकडे गेले की मालक कोण, बोजा कुणाचा, हिस्से किती, हे कळते. चित्रपटाला असा उतारा नाही. भारतात कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही, आणि म्हणूनच तो कुणाकडे आहे हे सांगणारी पुरी वही कुठेच नाही. उरतात ते कुटुंबांच्या कपाटांतले स्टॅम्पपेपर.

हक्क ही एक गोष्ट झाली, चित्रपटाची प्रत ही दुसरी. निगेटिव्ह बहुधा निर्मात्याच्या घरी नसतेच, ती प्रक्रिया करणाऱ्या लॅबोरेटरीत असते. लॅबचे बिल थकले किंवा कर्ज देणाऱ्याने लॅबला पत्र देऊन निगेटिव्ह अडवून ठेवली, तर हक्क असूनही मालकाला प्रती काढता येत नाहीत. याच्या उलट, एखाद्याकडे चांगली प्रिंट असते आणि हक्क काडीचाही नसतो. व्हिडिओ कंपनीला दोन्ही एका ठिकाणी हवे असतात. ते जुळले नाही की थिएटरांत झिजलेल्या, ओरखडे पडलेल्या, जोड निसटलेल्या प्रिंटवरून कॅसेट काढली जाते. जुने मराठी चित्रपट टीव्हीवर धुरकट दिसतात, वाक्ये मध्येच तुटतात, त्यामागे पुष्कळदा हे असते.

'प्रभात' या चित्रपट कंपनीचे उदाहरण यासाठी मला फार मोलाचे वाटते. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात सुरू झालेली आणि १९३३ साली पुण्याला आलेली ही कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. चित्रपट मात्र जागेबरोबर गेले नाहीत. पुढे कंपनीच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले यांच्या कुटुंबाने ते मिळवले आणि जपले. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पी. के. नायर यांनी देशभर फिरून त्यात रिळे आणली. तेव्हा एकाच चित्रपटाशी तीन ठिकाणांचा संबंध आला. तो तयार झाला ती जागा एकीकडे, त्याचा हक्क दुसरीकडे, त्याची रिळे तिसरीकडे. संग्रहालयाकडे रीळ आहे म्हणून संग्रहालयाला डीव्हीडी काढता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. जपणूक वेगळी आणि मालकी वेगळी. आणि ८ जानेवारी २००३ रोजी इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या संग्रहालयाच्या गोदामाला आग लागून नायट्रेट रिळांचा मोठा साठा नष्ट झाला. हक्क शाबूत राहिले आणि ज्यावर ते हक्क होते तीच वस्तू जळाली. या घटनेची हळहळ मला आजही वाटते.

'प्रभात'चे बरेचसे चित्रपट जोडीने बनत. 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत, 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. कथा आणि दिग्दर्शक तेच, पण धंद्याच्या दृष्टीने हे दोन चित्रपट. हिंदीला सबंध देशाचा बाजार, मराठीला महाराष्ट्राचा. व्हिडिओ कंपनी हिशेब करते तेव्हा तिचे लक्ष आधी कुठे जाणार हे वेगळे सांगायला नको.

आता मुदतीचे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट पूर्वी प्रदर्शनानंतर पन्नास वर्षे असे, आणि साहित्याचा लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्याची मुदत १९९१च्या अखेरीस संपणार होती. ती संपू नये म्हणून सरकारने मुदत साठ वर्षांवर नेली आणि हा बदल २८ डिसेंबर १९९१पासून लागू धरला. ज्यांची मुदत तोवर संपली होती त्यांना त्याचा लाभ नाही. या हिशेबाने 'प्रभात'चा १९३९चा 'माणूस' आधीच खुला झाला होता आणि १९४१चा 'शेजारी' तीन दिवसांच्या फरकाने आणखी दहा वर्षे बांधला गेला. रवींद्रनाथांच्या साहित्यासाठी घेतलेल्या निर्णयाने पुण्यातल्या एका चित्रपटाचे भाग्य ठरवले.

'श्यामची आई' घ्या. आचार्य अत्रे यांचा हा चित्रपट १९५३चा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकाची मुदत २०१०च्या अखेरीस संपली. चित्रपटाची मुदत २०१३च्या अखेरीस संपली. मग आता तो कुणीही डिस्कवर काढावा का? इतके सोपे नाही. पटकथा-संवाद लिहिणारे अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या लेखनाची साठ वर्षे २०२९ला पुरी होतात. संगीतकार वसंत देसाई १९७५ साली गेले, त्यांच्या स्वररचनेची २०३५ला. चित्रपट खुला, पण त्याच्या आतल्या शब्दांची आणि सुरांची मुदत वेगळी मोजायची. त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकत नाही. आणि सगळे खुले झाले तरी, ज्याच्याकडे चांगली प्रत आहे त्याने ती दुसऱ्याला द्यावी असे कोणताही कायदा सांगत नाही.

हा गुंता आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत टेड टर्नर यांनी १९८६ साली एमजीएमचा स्टुडिओ घेतला, त्यातले बाकीचे लवकरच विकले आणि जुन्या चित्रपटांचा खजिना ठेवून घेतला. १९९६ साली त्यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये गेली. म्हणून एमजीएमने प्रदर्शित केलेल्या 'गॉन विथ द विंड' या १९३९च्या चित्रपटाच्या डीव्हीडीच्या वेष्टनावर नाव असते वॉर्नरचे. पॅरामाउंटने १९५८ साली आपले जुने बोलपट एमसीएला विकले, पुढे ते युनिव्हर्सलकडे राहिले. तिथे निदान सबंध गठ्ठा एका हातून दुसऱ्या हाती जातो आणि कागद सोबत जातात. आपल्याकडे एका चित्रपटापुरती कंपनी काढायची, चित्रपट झाला की मिटायची, अशी रीत. दाराशी जाऊन विचारायलाही कुणी उरत नाही.

डीव्हीडी आली तेव्हा जगाचे पुन्हा प्रदेश पाडले गेले. भारत पाचव्या प्रदेशात. अमेरिकेतल्या पहिल्या प्रदेशाची डिस्क इथल्या यंत्रावर चालत नसे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही अडचण आधीच ठाऊक होती. भारतातली पाल पद्धतीची कॅसेट तिथल्या एनटीएससी यंत्रावर चालायची नाही, बदलून घ्यावी लागे. परदेशातून रीतसर विकत आणलेल्या डिस्क इथे भाड्याने देणेही दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली एका दाव्यात बेकायदा ठरवले. दावा वॉर्नर ब्रदर्सने लावला होता. डिस्क अस्सल होती, पण तिचा हक्क भारतापुरता नव्हता. व्हीसीडीला मात्र असा प्रदेश नव्हता, आणि तालुक्याच्या बाजारात ती डीव्हीडीपेक्षा जास्त का खपली याचे अर्धे उत्तर तिच्या स्वस्ताईत आणि अर्धे या मोकळेपणात आहे.

२००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. तिने निरनिराळ्या भाषांतल्या हजारो चित्रपटांचे हक्क घेतले होते. माझ्या मते भारतीय जुन्या चित्रपटांसाठी ती सर्वांत उदार वर्षे होती. किराणा दुकानात, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, कुठेही डिस्क मिळू लागली. नकली डिस्क विकणाऱ्यालाही त्या किमतीशी स्पर्धा जड गेली. पण हक्क मुदतीचे होते आणि इंटरनेट वेगाने येत होते. २०१८ साली कंपनीच अवसायनात गेली. छापलेल्या डिस्क लोकांच्या कपाटांत राहिल्या, नव्या निघणे थांबले. ज्या कंपन्यांकडे निगेटिव्ह राइट्स किंवा लांब मुदतीचे हक्क होते त्या टिकल्या. शेमारूने २०२० साली 'मराठी बाणा' वाहिनी काढली, अल्ट्राने २०२३ साली 'अल्ट्रा झकास' हे मराठी अ‍ॅप आणले. जालन्यातल्या प्रेक्षकाला आज जुना मराठी चित्रपट दिसतो तो बहुतेक अशाच एखाद्या संग्रहातून. यादीत नसलेला चित्रपट त्याच्यासाठी बनलाच नाही, असे होऊन बसते. आणि यादी चित्रपटाचा दर्जा पाहून झालेली नाही, कागद कुणाचे स्वच्छ होते हे पाहून झालेली आहे.

म्हणून निर्माता, दिग्दर्शक, लेखक, संगीतकार यांच्या वारसांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातल्या ट्रंकेत वितरणाचे जुने करार, लॅबची पत्रे, हप्त्यांच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. करारात कोणते मुलूख आहेत, किती वर्षे आहेत, कोणती माध्यमे लिहिली आहेत, हे पाहा. आजचा कायदा सांगतो की १९९४ची दुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरता समजावा. त्याआधीच्या करारांना हे लागू नाही, तिथे करारात लिहिलेली मुदतच मोजावी लागते. पुष्कळ कुटुंबे जो हक्क गेला असे समजून बसली आहेत तो कदाचित परत आलेलाही असेल.

आणि वारसच सापडत नसेल तर? कॉपीराइट कायद्याचे कलम ३१-अ त्यासाठी आहे. मालक मयत, अज्ञात किंवा शोधून न सापडणारा असेल आणि कलाकृती लोकांपासून दूर राहिली असेल, तर इच्छुकाला ती प्रसिद्ध करण्याचा परवाना मागता येतो. आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. पूर्वी असा अर्ज अपील मंडळाकडे जाई, २०२१ साली ते मंडळ रद्द झाल्यावर तो व्यापारी न्यायालयाकडे जातो. परवाना देताना न्यायालय मानधनाची रक्कम ठरवते आणि ती सरकारी खात्यात भरायला लावते. उद्या कुणी पणतू जुना करार घेऊन आला, तर ती रक्कम त्याला केव्हाही मागता येते.